ब्लोअर बसला, खरं काम त्यानंतरचं

भोसरी, बुधवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चारशे घोड्यांची गाडी, तिला आणखी ताकद कशाला? बनवणाऱ्यांना काय कळत नव्हतं?" शेडमध्ये तेव्हा कॉम्प्रेसर धडधडत होता. त्यात आईने मागून "जेवलीस का?" विचारलं आणि विषय तिथेच संपला. पण प्रश्न रास्त आहे आणि उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून कागद घेतला.

गाडी मस्टँग जीटी. फोर्डने 2016 मध्ये आपल्याकडे आणली ती. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, भारतातल्या गाडीला 401 पीएस, म्हणजे तुमचे चारशे घोडे. मालक बाणेरचे, सॉफ्टवेअरमधले, आणि ट्रॅकवर गाडी पळवायची दांडगी हौस. सुपरचार्जरचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या ब्लोअरचं, किट त्यांनी अमेरिकेतून मागवलं आणि खोकी थेट माझ्या शेडमध्ये उतरवली.

बनवणाऱ्यांना सगळं कळत होतं, बाबा. म्हणूनच त्यांनी हात राखून ताकद दिली. तीच गाडी जैसलमेरच्या उन्हात चालली पाहिजे, घाटात चालली पाहिजे, कुठल्याही पंपावरचं पेट्रोल पचवून वर्षानुवर्षं टिकली पाहिजे. इंजिनं तपासण्याच्या टेस्ट बेडवर तुम्ही आयुष्य काढलंत, मार्जिन कशाला ठेवतात हे मी तुम्हाला काय सांगणार? मालक एक, पेट्रोल एका प्रतीचं आणि वापर ठरलेला असेल, तर त्या राखीव जागेतलं थोडं घेता येतं. किती घ्यायचं आणि कुठे हात आवरायचा, हे ठरवण्याचे मला पैसे मिळतात.

तुमच्या डिझेल इंजिनांवरचा टर्बो धुराच्या जोरावर फिरायचा. हा ब्लोअर क्रँकच्या पुलीवरून बेल्टने फिरतो. त्यामुळे पाय दाबला की लगेच हवा हजर. पण फुकट काही नाही, स्वतः फिरायला लागणारी ताकद तो इंजिनाकडूनच घेतो. आत दोन पिळाचे रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. रूट्स नावाच्या दोन अमेरिकन भावांनी या कल्पनेचं पेटंट 1860 मध्ये घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला ते यंत्र वापरत, म्हणजे आपल्या लोहाराच्या भात्याचा थोरला भाऊच. पुढे 1885 मध्ये डाइमलरने इंजिनात हवा कोंबायचं पेटंट घेतलं आणि 1921 मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जरवाल्या गाड्या दाखवल्या. तंत्र शंभर वर्षांचं जुनं आहे. मी काही नवीन शोध लावत नाही.

बसवण्याचं काम तुम्ही डोळे मिटून केलं असतं. आधी आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (दाब कुठून गळतोय का) तपासलं. आजारी इंजिनावर ब्लोअर चढवायचा नाही, हा माझा पहिला नियम. मग इनटेक मॅनिफोल्ड काढून पोर्ट लगेच टेपने बंद केले (एक वायसर आत पडला की हेड उतरवा!). व्हीच्या मधल्या खोबणीत ब्लोअर, त्याच्या पोटात दाबलेली तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, त्याच्या पाण्याचा वेगळा पंप, पुढे रेडिएटरसमोर छोटा रेडिएटर. मोठे इंजेक्टर, लांब बेल्ट, थंड जातीचे प्लग. प्लगची गॅप सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते, ती पाऊण-एकच्या मध्ये आणली, कारण दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं. इंटरकूलरच्या पाण्यातला एअरलॉक मात्र शेवटपर्यंत छळत होता. बाकी सगळं टॉर्क पान्याने, किटच्या कागदाप्रमाणे.

आता पुढचं. किटबरोबर इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी एक तयार मॅप येतो, म्हणजे इंधन किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची याचं कोष्टक. तो घातला की गाडी चालते, आणि पुष्कळ लोक तिथेच थांबतात. मी थांबत नाही, कारण तो मॅप आपल्या हवेसाठी आणि आपल्या पेट्रोलसाठी लिहिलेला नाही.

किटच्या कागदावर लिहिलं होतं, 91 ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली स्वतःहून न भडकण्याची पेट्रोलची ताकद. मालक म्हणाले, "मग आपलं साधं चालेल की!" नाही चालत. अमेरिकेत पंपावर लिहितात तो आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपण फक्त एका चाचणीचा लिहितो. त्यांचं 91 म्हणजे आपल्या मोजणीत साधारण 95-96. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच 11 ला 1, त्यावर ब्लोअरचा सात पीएसआय जादा दाब, म्हणजे बूस्ट. अशात कमी ऑक्टेन पाजलं तर मिश्रण ठिणगीनंतर स्वतःच भडकतं आणि नॉकिंग सुरू होतं. नॉकिंगने पिस्टनचे काठ कसे खाल्ले जातात ते तुम्ही हातात घेऊन पाहिलंय. म्हणून मालकांना सांगितलं, ही गाडी आता एक्सपी 100 वरच, म्हणजे इंडियन ऑइलच्या 100 ऑक्टेन पेट्रोलवरच चालेल, ट्रॅकजवळचा पंप आधी शोधून ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे 14.7 भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. इथेनॉल स्वतः नॉकिंगला दाद देत नाही हे त्याचं चांगलं, पण फुल थ्रॉटलला इंधन कमी पडलं तर ते चांगलंही उपयोगी नाही. घाईघाईत दुसरं पेट्रोल भरलं गेलं तरी गाडी वाचली पाहिजे, एवढी जागा मी मॅपमध्ये ठेवली.

तिसरी, आपलं पुणं. साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी. त्यात ऊन. पस्तीस अंशांची हवा ब्लोअरने दाबली की नव्वदच्या घरात जाते, आणि गरम हवा म्हणजे पुन्हा नॉकिंगला आमंत्रण. इंटरकूलर ती खाली आणतो, पण डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, लागोपाठ रन घेतले की तोही तापतो. म्हणून दोन रनच्या मध्ये मोठा पंखा लावून चहा प्यायचा. मामी विचारते ना, मुक्ता गॅरेजमध्ये नक्की काय करते? सांग आई, पंख्यासमोर बसून लॅपटॉप बघते. खोटं नाही ते.

लॅपटॉपवर प्रत्येक रनचा लॉग असतो: बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मिश्रण, आणि प्रत्येक सिलिंडरमागे कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग किती मागे खेचतोय, म्हणजे ठिणगी किती उशिरा पाडतोय ते. सुरुवात टायमिंग बरंच मागे ठेवून करायची, मग थोडं थोडं पुढे. प्रत्येक पायरीला टॉर्क वाढतो, पण वाढ कमी कमी होत जाते. एका जागी टॉर्क जवळपास थांबला, आणि एका सिलिंडरवर नॉक सेन्सर किंचित कुरकुरला. तिथून दोन अंश मागे आले आणि मॅप लॉक केला. साडेपाचशेच्या आसपास ताकद आहे. मालकांना छोटी पुली लावून आणखी बूस्ट हवा होता. मी म्हटलं, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कारखान्यातलेच आहेत, ते बदलायचे तर वेगळं बोलू. थोडे हिरमुसले. पैसे मात्र पूर्ण दिले.

आई, तुझी काळजी अपघाताची आणि पोलिसांची. पहिलीचं उत्तर: ताकदीआधी ब्रेक आणि टायर बदलले, तेही माझ्याच हट्टाने. दुसरीचं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कारखान्याच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि विमा कंपनीही मग हात वर करते. म्हणून असं काम मी फक्त ट्रॅकच्या गाडीचं घेते, आणि तसं लेखी घेते. ही गाडी ट्रेलरवरून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाणार आहे. बाणेरच्या सिग्नलला साडेपाचशे घोडे घेऊन उभं राहण्यात तसाही काय अर्थ?

नोकरी सोडली याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं, ते मला कळतं. तिथेही मी इंजिनाचे मॅपच लिहायचे, पण शेकडो जणांपैकी एक कोपरा माझा असायचा. इथे सगळी गाडी माझी, आणि काही तुटलं तर तेही माझंच. मला हे जास्त मानवतं. या महिन्याचं भाडं, मदतनीसांचे पगार, हप्ता सगळं वेळेवर गेलं, हेही लिहिते, म्हणजे आईला विचारायला नको.

गुरुवारी इथे सुट्टी असते. उद्या गाडी ट्रेलरवर चढवायची आहे, पण पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने वाईला येते. बाबा, तुमचा तो फटी मोजायचा जुना फीलर गेज शोधून ठेवा. माझ्याकडच्याची पातळ पट्टी वाकली आहे, आणि बाजारात मिळतात त्यांवर माझा विश्वास नाही.

तुमची,
मुक्ता