ड्रेसिंग करण्याआधी फोटो काढा

मा. संपादक,
स. न.

वृद्धाश्रमात किंवा खासगी शुश्रूषा केंद्रात म्हाताऱ्या माणसाची हेळसांड झाल्याचं कळलं की घरचे आधी संचालकांशी भांडतात, मग माणसाला तिथून हलवतात आणि पंधरा-वीस दिवसांनी वकील शोधायला लागतात. तोवर जखम धुऊन भरत आलेली असते, नोंदवही नव्यानं लिहिलेली असते आणि सीसीटीव्हीचं चित्रण आपोआप पुसलं गेलेलं असतं. किती तरी खऱ्या तक्रारी या उशिरानं पडतात, म्हणून हे पत्र.

बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम, हा सर्वांत बोलका पुरावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही की माकडहाड, खुबा आणि टाचा इथली कातडी आधी लाल पडते, मग सोलते. तिसऱ्या टप्प्यात चरबी दिसते, चौथ्यात हाड. रुग्णालयात पोहोचल्यावर ड्रेसिंग करण्याआधी दोन फोटो घ्या: एक दुरून, माणूस ओळखू येईल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. केसपेपरवर नुसतं ‘बेडसोर’ लिहिलेलं पुढे उपयोगी पडत नाही. टप्पा, लांबी, रुंदी, खोली, पू आणि वास एवढं लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद करून घ्या.

केंद्राचा ठरलेला बचाव असतो, ‘येतानाच जखम होती.’ त्याला उत्तर एकच, दाखल करण्याच्या दिवशीचे पाठीचे आणि टाचांचे फोटो आणि त्या दिवशीचं वजन. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी घटलं असेल तर डॉक्टरांकडून कारण लेखी घ्या. दंडावर बोटांचे वण किंवा मनगटाभोवती वळ असतील तर ‘पडले’ हे उत्तर सहसा पुरत नाही. माणूस दिवसभर गुंगीत असेल तर मूळ प्रिस्क्रिप्शन आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशेब जुळवा आणि रक्त-लघवीची तपासणी लगेच मागा. औषध शरीरातून उतरलं की ते सिद्ध करणं फार अवघड होतं.

फोटो ज्या मोबाइलवर काढले तो जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली वेळेची माहिती निघून जाते. कोर्टात फोटोसारखा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं; ते देताना मूळ फाइल हाताशी लागते.

त्याच दिवशी केंद्राला ईमेल आणि स्पीड पोस्टनं पत्र पाठवा. अमुक तारखांचं सीसीटीव्ही चित्रण, कूस बदलल्याचा तक्ता, औषधांचा तक्ता आणि रात्रपाळीची ड्युटी-यादी जपून ठेवा आणि प्रती द्या, असं त्यात स्पष्ट लिहा. महिन्याभराचा तक्ता एकाच शाईत, एकाच हातानं, रात्री दोनच्या नोंदीसकट लिहिलेला आढळला तर तो तक्ताच तुमच्या बाजूनं बोलतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरनं मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. माणसाला नेताना ‘आमची काहीही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही मागतात, अनामत रक्कम अडवतात. सही करायचीच वेळ आली तर वर स्वतःच्या अक्षरात ‘तक्रारीचा हक्क राखून’ असं लिहा. आणि दुर्दैवानं मृत्यू झालाच, तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांकडे शवविच्छेदनाची लेखी मागणी करा. नंतर ती संधी राहत नाही.

आता तक्रार कुठे करायची ते. पोलिस ठाण्यात ‘नीट बघत नाहीत’ एवढंच सांगितलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ लागतं: करारानं बांधलेल्या माणसानं असहाय व्यक्तीची देखभाल जाणूनबुजून टाळणं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणून हातात एनसीचा (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा) कागद येतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणून घडलेली गोष्ट नेमकी लिहा. खोलीत कोंडून ठेवलं असेल तर कलम १२७, निष्काळजीपणानं जीव धोक्यात आला असेल तर १२५, मृत्यू झाला असेल तर १०६. हे दखलपात्र आहेत. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, तिथंही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे जा.

सर्वांत दुर्लक्षित तरतूद दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मधली आहे. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारलं तर कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. कलम ७ नुसार अशा छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं. नातेवाईकच असायला हवं असं नाही. पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या माणसाचं यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं सरकारी) प्रमाणपत्र लोक काढत नाहीत, कारण ‘आता या वयात कशाला?’ ते याच्यासाठी.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, आणि तक्रार स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते. मृत्यूनंतर वारसही तक्रार करू शकतात. पूर्णपणे मोफत चालणाऱ्या संस्थेविरुद्ध मात्र हा मार्ग चालत नाही. उपविभागीय अधिकाऱ्याकडचं निर्वाह न्यायाधिकरण मुलं आणि नातेवाइकांविरुद्धच्या अर्जांसाठी आहे. केंद्राविरुद्ध तिथं जाऊन अनेकांचे महिने वाया जातात. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया आणि दिव्यांग यांना तिथं उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी १५१००. ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७.

हे सगळं करताना त्या माणसाशी एकट्यानं बोला, कर्मचारी खोलीत नसताना. तक्रार केली तर रात्री कोण पाणी देईल, ही भीती खरी असते. म्हणून आधी सुरक्षित जागा, मग तक्रार.

ज्येष्ठांच्या शुश्रूषा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. असा कायदा होईपर्यंत राज्य शासनानं निदान एवढं करावं: दाखल होणाऱ्या प्रत्येकाची कातडी आणि वजन यांची नोंद ठरावीक नमुन्यात, नातेवाइकाच्या सहीनिशी व्हावी, आणि रात्रपाळीला किती माणसांमागे किती कर्मचारी आहेत हे दारावर लिहिलेलं असावं.

आपले,
ज्येष्ठांच्या तक्रारींसाठी कायदेविषयक मदत करणारे कार्यकर्ते