पथकाचा ढोल, दशक्रिया आणि कॉलेजचं गेट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवाला दीड-दोन महिने उरले की नाशिकमध्ये ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि त्याच सुमारास पक्षांची माणसंही पथकांकडे फिरकू लागतात. घरात, दशक्रियेला आणि कॉलेजातही पक्ष असाच शिरतो. हा पत्रप्रपंच त्यासंबंधी आहे.

गाण्या-बजावण्यात राजकारण मुळीच नको, असं माझं म्हणणं नाही. नाशिककराच्या तोंडी ते शोभणारही नाही. तिळभांडेश्वर गल्लीतले कवी गोविंद सावरकरांच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेसाठी पोवाडे रचत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक जन्मभर आंबेडकरी चळवळीची गाणी गात राहिले. हे राजकारणच होतं, पण त्यांचा शब्द कुणी विकत घेतलेला नव्हता. आज पक्ष येतो तो खर्च उचलायला. एकदा खर्च उचलला की किती ढोल लावायचे, कुठे थांबायचं, हेही तोच ठरवतो.

पथकाचं गणित सांगतो. साधारण चार-पाच ढोलांमागे एक ताशा लागतो. ताल ताशा धरतो, ढोल त्याच्या मागे जातात. देणगीदार नेत्याला मात्र आकडा हवा असतो. 'अमुक भाऊंतर्फे दोनशे ढोल' असं फलकावर लिहायचं असतं. मग विसर्जनाच्या आठवडाभर आधी नवे ढोल येतात आणि सरावाला कधी न आलेली मुलं रांगेत उभी राहतात. रांग पन्नास मीटर लांबली की पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोहोचायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मागचे ढोल मात्रेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उशिरा पडतात. ताल फाटतो तो इथे, आणि दोष मात्र पोरांच्या हाताला दिला जातो. ताशे रांगेत वाटून मध्ये-मध्ये उभे केले आणि सगळ्यांना हाताने ताल दाखवणारा एकच माणूस ठेवला तर निभावतं. पण त्यासाठी पुढच्या ओळीतल्या ताशांच्या फोटोवर पाणी सोडावं लागतं, आणि खर्च करणाऱ्याला नेमका तोच फोटो हवा असतो.

नव्या ढोलाचं पान, म्हणजे ज्यावर ठोका पडतो तो पडदा, बसायला वेळ लागतो. सुरुवातीचे काही दिवस रोज वाजवून दोर पुन्हा पुन्हा ओढावे लागतात. कातडी पान पावसाळी हवेत सैल पडतं, फायबरचं त्या मानाने टिकतं. त्या पानावर पक्षाचं चिन्ह रंगवून घेतात, हे तर वाजवणाऱ्याला बघवत नाही. रंगाचा थर बसला की पान जड होतं आणि टिपरूचा (वाजवायच्या काठीचा) ठोका बोथट येतो. नाव लिहायचंच असेल तर खोडावर पट्टी लावा, पानाला हात लावू नका.

विसर्जन मिरवणूक जुन्या नाशकातल्या वाकडी बारवेपासून निघते. मेनरोड, रविवार कारंजा करत पंचवटीत उतरेपर्यंत वाटेत पक्षांचे, नेत्यांचे स्वागत मंच असतात. प्रत्येक मंचासमोर पथकाने थांबावं, खास वाजवावं, नारळ घ्यावा, अशी अपेक्षा असते. सहा मंचांपुढे दहा-दहा मिनिटं धरली तरी तास गेला. रात्री बाराला वाद्यं बंद करावी लागतात, त्यामुळे हा तास मागच्या क्रमांकाच्या मंडळांच्या वाट्यातून जातो. मंचासमोर थांबायचं नाही, चालता हात (चालताना वाजवायचा ताल) वाजवत पुढे सरकायचं, एवढं सगळ्या मंडळांनी आधीच्या बैठकीत लेखी ठरवलं तर भांडणाचं निम्मं कारण संपेल. एकट्या पथकाने ठरवलं तर पुढच्या वर्षी त्याची सुपारी (वाजवण्याचं काम) जाते, म्हणून ते सगळ्यांनी मिळूनच ठरवायला हवं.

पैशाचं म्हणाल तर पथकाची संस्था म्हणून नोंदणी हवी. सात सभासदांत ती होते. खातं पथकाच्या नावावर हवं, एखाद्या 'दादा'च्या नव्हे. वर्षाच्या खर्चापैकी कुणाही एकाकडून चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम घेऊ नये. ही मर्यादा कायद्यातली नाही, माझ्या मते ती पथकाने स्वतः घालून घ्यावी. प्रचाराची सुपारी आली तर सगळ्या उमेदवारांना एकच दर आणि प्रत्येकाला पावती. 'फुकट वाजवलं' म्हटल्याने तो खर्च नाहीसा होत नाही, निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाप्रमाणे उमेदवाराच्या हिशेबात तो धरला जाऊ शकतो. त्याहून बरं म्हणजे आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत पथकाच्या पोशाखात कुणीही सभेला जायचं नाही, असा ठराव करून टाकावा.

घरातली गोष्ट अधिक नाजूक आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. वर्षानुवर्षं एका झेंड्याखाली असलेल्या घरांत भाऊ-भाऊ वेगळ्या तंबूत गेले. त्यात महापालिकेचा चार सदस्यांचा प्रभाग. एका घराच्या दारात अ, ब, क, ड अशा चारही जागांचे उमेदवार येतात आणि त्यातला एखादा मेव्हणा किंवा साडू निघतो. चार मतं स्वतंत्र असतात, ती चार वेगवेगळ्या पक्षांना देता येतात, एवढं थोरल्यांनी घरात मोकळेपणाने सांगितलं तरी 'आपलं घर कुणाचं' हा प्रश्न बराच सैल होतो.

सर्वांत क्लेश होतो तो दशक्रियेला. रामकुंडावर काय किंवा निफाड-दिंडोरीकडच्या गावांत काय, पिंड मांडलेले असतात, कावळ्याची वाट पाहत घरची माणसं उन्हात उभी असतात आणि माइकवर श्रद्धांजलीची भाषणं चाललेली असतात. एका गटाचा नेता बोलला म्हणून दुसऱ्या गटाच्याला बोलवावंच लागतं. तिसरा उशिरा येतो, म्हणून प्रवचनकारांना आवरतं घ्यायला सांगतात. गेलेल्या माणसाचं नाव पहिल्या वाक्यात येतं, पुढे रस्त्याचं काम आणि निधी. यावर उपाय आहे आणि काही कुटुंबं तो करतात. घरातल्या एकानेच दोन मिनिटं बोलायचं, आलेल्या सर्वांचे नाव न घेता आभार मानायचे आणि माइक प्रवचनकारांकडे द्यायचा. सूत्रसंचालकाला हे आदल्या दिवशीच सांगावं लागतं. घाटावर ऐनवेळी चिठ्ठ्या पुढे येऊ लागल्या की त्याला नाही म्हणता येत नाही. लग्नातही तसंच करावं. पत्रिकेवर नेत्यांची नावं छापली की क्रमावरून रुसवे ठरलेले, आणि सत्कारापायी मुहूर्त टळतो तो वेगळाच.

कॉलेजांचं थोडक्यात लिहितो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण त्या लांबणीवर पडत राहिल्या. त्यामुळे पक्ष मागच्या दाराने येतात : स्नेहसंमेलनाचं प्रायोजकत्व, दहीहंडी, गेटवरचा वाढदिवसाचा फलक. विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच लागू केल्या आहेत. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टरला बंदी, फक्त हाताने केलेली चालतात, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब. माझ्या मते निवडणुका होणंच बरं. या चौकटीत पोरं उघडपणे भांडतील, वाद घालतील, हरतील. आज पाठिंबा कुणाचा हे लपवून संमेलनाची समिती ताब्यात घेतली जाते आणि ज्याला पक्ष नाही त्या मुलीचं गाणं कार्यक्रमपत्रिकेत शेवटी ढकललं जातं. प्राचार्यांनी निदान एवढं करावं : प्रायोजकाचा पैसा कॉलेजच्या खात्यात पावतीने घ्यावा, नाव पत्रिकेच्या शेवटच्या ओळीत छापावं, रंगमंचाच्या पडद्यावर कुणाचाही फोटो नको आणि कार्यक्रमांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. शिवाय शैक्षणिक संस्थेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. जाहीर झालेल्या क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. कॉलेज रोडवर गेटसमोर डीजे लावून होणारा सत्कार कुठल्याही पक्षाचा असो, पोलिसांनी तो थांबवायला हवा.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांत ढोल गळ्यात अडकवलेल्या नेत्याचा फोटो येतो. त्या एका फोटोसाठीच पथकांना पैसे देऊ केले जातात. यंदा आपल्या अंकात ती जागा वाजवणाऱ्यांना द्यावी. पथकाचं नाव, सराव किती दिवस केला, ताशाप्रमुख कोण, कोणता हात उत्तम वाजला, हे छापावं. त्यासाठी वाकडी बारवेपाशी पहिल्या मंडळापासून उभा राहील आणि तालाची जाण असेल असा वार्ताहर पाठवावा.

आपला,
एक ढोलवादक वाचक
पंचवटी, नाशिक