गृहमंत्री साहेब, पोट्ट्यांना 'बोनस बाय'चा हिशोब कोणीतरी मराठीत सांगा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. अंगठा लावून पैसे काढून देणं, पासबुक, पीएम किसानचं केवायसी, हेच रोजचं काम. सध्या एक गोष्ट वारंवार होत आहे, लाडक्या बहिणीचे 1500 जमा झाल्याचं कळते, बाई वावरातलं काम सोडून येते, अंगठा लावते अन खात्यात काही राहिलेलंच नसते. यूपीआय पोराच्या फोनवर चालू असते. पोराला बोलावून विचारलं तर खाली मान घालून सांगते, काका बोनस घेतला होता.

हा बोनस काय असते ते आधी सांगतो, कारण तुमचे कर्मचारी जनजागृतीला येतात तेव्हा ओटीपी देऊ नका, लिंक दाबू नका एवढंच सांगतात, याच्याबद्दल कोणी बोलत नाही. ऑनलाइन स्लॉट गेम म्हणजे पैसे लावून मोबाइलवर चित्रांची चाकं फिरवायचा जुगार, एक वेळा फिरवलं की एक स्पिन. स्पिन मारता मारता कधीतरी फ्री स्पिनचा, म्हणजे फुकट फिरवायचा राउंड लागते, त्यालाच बोनस म्हणतात, मोठे आकडे त्याच्यातच निघतात. तो लागायची वाट पाहायची नसेल तर स्क्रीनच्या बाजूला बटन असते, बोनस बाय. भाव बहुतेक गेममध्ये स्पिनच्या 100 पट किंवा त्याच्या आसपास. म्हणजे 15 रुपयांच्या स्पिनवर बोनस घेतला की 1500 गेले, लाडक्या बहिणीचा पूर्ण महिना एका बोटात. पीएम किसानचा 2000 चा हप्ता म्हणजे 20 च्या स्पिनवरचा एक बोनस.

आता पोट्टे हे काहून करतात, तर त्यांना हा जुगार वाटतच नाही साहेब, त्यांना वाटते आपण डोकं लावून सौदा केला. त्यांचा हिशोब असा, बोनस कधी 300 तर कधी 400 स्पिनला लागते, 400 गुणिले 15 म्हणजे 6000, अन इथे तो 1500 मध्ये मिळून राहिला, म्हणजे 4500 वाचले! बारावी सायन्स झालेलं पोरगं मला हे कागदावर मांडून दाखवते. ऐकायला बरोबर वाटते म्हणूनच भीती वाटते मला.

याच्यात चूक कुठे आहे ते मी वाचून, समजून घेऊन सांगतो. त्या 400 स्पिनमध्ये काहीच परत येत नाही असं नसते, लहान लहान रकमा येत राहतात, म्हणून 6000 हा बोनसचा खर्च नव्हेच. अन मुख्य गोष्ट म्हणजे त्या राउंडमधून सरासरी किती निघते हे गेम बनवणाऱ्या कंपनीला आधीच माहीत असते. सरासरी 96 पट निघत असेल तर ती भाव 100 पट लावते. खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर कापूस मोजून द्यावा तसं आहे हे, काटा त्याचा, भाव त्याचा, अन आपण म्हणतो आज फायद्यात राहिलो.

ज्याला आरटीपी, म्हणजे खेळणाऱ्याला परत मिळणारा टक्का, म्हणतात ते असंच असते, 96 टक्के म्हणजे लाखो डाव मिळून शंभरातले 96 परत अन 4 कंपनीचे. बोनस विकत घेतला तरी टक्का जवळपास तेवढाच राहते, म्हणून पोट्टे म्हणतात मग नुकसान काय. नुकसान रकमेत अन वेगात आहे. हाताने 15 रुपयाचे स्पिन मारले अन मिनिटाला दहा झाले तर तासात 9000 ची उलाढाल, तिचे 4 टक्के 360. तेच तासात 20 बोनस घेतले तर 30,000 ची उलाढाल अन 1200 गेले, हे फक्त सरासरीने. पण ती सरासरी कधीतरी एखाद्याला लागणाऱ्या हजारो पटीच्या मोठ्या विनमुळे वर चढलेली असते, बाकी बहुतेक बोनसमध्ये भरलेल्यापेक्षा कमीच हाती येते, 1500 चे 300, 1500 चे 450 असं. ज्याच्याजवळ 1500 च आहेत त्याला सरासरी लागू व्हायला दुसरा डावच उरत नाही. मग तो उसने घेते. अन आधीचे चार बोनस कोरडे गेले म्हणून पाचवा भरून देईल हेही खोटं, मशीनला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक डाव नवा.

अजून एक. बरेच गेम कंपन्या एकच गेम 96, 95, 94 टक्के अशा वेगवेगळ्या सेटिंगमध्ये साइटवाल्यांना देतात. परवाना नसलेल्या साइटवर कोणती सेटिंग आहे, गेम तरी अस्सल आहे का नक्कल, हे आपल्या गावातला कोणी तपासू शकत नाही. बऱ्याच साइटच्या इंग्रजी अटींमध्ये असंही लिहिलेलं असते की वेलकम बोनस, म्हणजे नवीन खातं उघडल्यावर साइटने दिलेली रक्कम, चालू असताना बोनस बाय केला तर जिंकलेले पैसे रद्द. ते कोण वाचते?

ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे, तरी तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने 2019 मध्ये कंपन्यांना हे विकत घेण्याचं बटन काढायला लावलं. 2021 मध्ये ऑटोप्ले, म्हणजे बटन न दाबता आपोआप स्पिन होत राहणं, बंद केला अन दोन स्पिनमध्ये कमीत कमी अडीच सेकंद ठेवायला सांगितले. ज्यांच्याकडे जुगाराला परवाना मिळते त्यांनाही हे बटन जास्त झालं, अन आपल्याकडे ते पोराच्या खिशात चालू आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं मी म्हणत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, असे गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद अन 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं अन 50 लाखांपर्यंत. चांगला कायदा आहे, मनापासून म्हणतो. पण साइट बंद झाली की दुसऱ्या नावाने उघडते, नवी लिंक टेलिग्रामवर येते, अन गावातल्या गावात आयडी, म्हणजे साइटवर खेळायचं खातं, देणारा, पैसे घेऊन त्यात पॉइंट भरून देणारा माणूस असते. पत्त्याच्या अड्ड्यावर धाड पडते, बातमी येते, फोटो येते. या आयडीवाल्यावर धाड पडलेली आमच्याकडे कोणी पाहिली नाही. ज्या खात्यांत हे पैसे जातात ती बऱ्याच वेळा कमिशनवर घेतलेली गरिबाचीच खाती असतात, ती पकडणं पोलिसांना अवघड नाही, आम्हा केंद्रवाल्यांना विचारलं तरी आम्ही मदत करू.

अन एक गोष्ट गावात कोणालाच माहीत नाही, या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. माय-बाप पोरगं आत जाईल या भीतीने तक्रारच करत नाहीत. हे एक वाक्य जरी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं, सोबत सायबरचा 1930 अन मन खचलेल्यासाठी टेली मानसचा 14416, तरी लोक बोलायला लागतील. कर्जात बुडालेलं घर आमच्या जिल्ह्याला नवं नाही, त्याच्यात हे वाढू नये.

साहेब, कापूस निघायला लागला, सोयाबीनचे पैसे येऊन राहिले, खात्यात वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम याच दोन-तीन महिन्यांत असते. म्हणून विनंती की या हंगामात ठाण्यांना सांगून आठवडी बाजाराच्या दिवशी गावागावात कार्यक्रम लावा, अन त्यात जुगार वाईट आहे असं भाषण नको, ते पोट्टे ऐकत नाहीत. फळ्यावर 1500 चा हिशोब मांडा, 100 पट, 96 टक्के, तासाची उलाढाल, सगळं. आमच्या गावाला जागा, फळा अन माईकची व्यवस्था मी करतो, फक्त हिशोब समजलेला एक कर्मचारी पाठवा.

आपला,
एक ग्राहक सेवा केंद्र चालक, जि. यवतमाळ