पटेल आडनावाचा प्रवास आणि आपले पाटील

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशात रुजलेल्या भारतीय आडनावांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच आलेला लेख मी आवडीने वाचला. अशा विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळते याचा आनंदच आहे. मात्र ‘पटेल’ या आडनावाबद्दल त्यात जे थोडक्यात सांगितले आहे, म्हणजे पटेल ही गुजरातेतील एक व्यापारी जात असून ती जगभर पसरल्यामुळे तिचे आडनावही पसरले, ते तसेच सोडून देणे मला योग्य वाटत नाही. पटेल हे मुळात गावाच्या एका पदाचे नाव आहे आणि ते पद अनेक जातींच्या व धर्मांच्या घरांत होते. परदेशात त्यांपैकी काही ठरावीक भागांतले पटेलच मोठ्या संख्येने दिसतात, याची कारणे कोणाच्या जातिस्वभावात शोधण्यापेक्षा दुष्काळ, जहाजमार्ग, पासपोर्ट आणि त्या त्या देशांचे कायदे यांत शोधली पाहिजेत. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी नोकरी अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील शाळांत झाली. त्या भागात एकाच वर्गाच्या हजेरीपटावर लिंगायत पाटील, मराठा पाटील आणि मुसलमान पटेल अशी तिन्ही घरची मुले असत, आणि घरी कानडी बोलणाऱ्या पाटलांना गावातली जुनी माणसे ‘गौडा’ (कानडीत गावचा पाटील) म्हणूनच हाक मारीत. कारहुणवीच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या दिवशी बैलांना रंगवून, शिंगांना बेगड लावून, झुली घालून वेशीपाशी आणतात. वेशीवर आडवी बांधलेली कर, म्हणजे तोरणासारखी दोरी, मानाच्या बैलाने तोडायची असते आणि तो मान अनेक गावांत पाटलाच्या गोठ्यातल्या बैलाचा असतो. त्या वेळी पाटील कोणत्या जातीचा आहे हे कोणी विचारीत नाही. पाटीलकी ज्या घरात, त्या घरचा बैल पुढे निघतो. सोलापूर शहरातही मानावरून चालत आलेली आडनावे आहेतच. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे मानकरी असलेले हिरेहब्बू घराणे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

या पदाचा इतिहास बराच जुना आहे. माळव्याच्या परमार राजांनी दहाव्या-अकराव्या शतकांत दिलेल्या दानांच्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ या ग्रामाधिकाऱ्याचा उल्लेख येतो, आणि त्याच शब्दातून मराठीत पाटील, गुजरातीत पटेल अशी रूपे रूढ झाली, असे अभ्यासक मानतात. गावाचा सारा गोळा करणे, पडीक जमीन लागवडीस लावणे, तंटे मिटवणे आणि बंदोबस्त ठेवणे ही पाटलाची कामे होती, त्याबद्दल त्याला इनाम जमीन आणि मानपान मिळे, आणि कागदावर कुलकर्णी सही करी तेव्हा शेजारी पाटलाची नांगराची निशाणी उमटे. हे वतन वंशपरंपरेने चाले, त्याच्या भावाभावांत तक्षिमा (वाटण्या) पडत, प्रसंगी ते विकलेही जाई. त्याची प्रतिष्ठा एवढी होती की दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हाती आलेल्या महादजी शिंद्यांनाही ‘पाटीलबाबा’ म्हणवून घेण्यात अभिमान वाटे. शेजारच्या निजामी मुलखात महसुलाचे काम पाहणारा माली पटेल आणि बंदोबस्ताचा पोलीस पटेल अशी दोन वेगळी पदे होती. सीमेपलीकडच्या गावांत आजही भेटणारे ‘मालीपाटील’ हे आडनाव त्यातूनच आलेले आहे. आपल्या राज्याने मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द केले, आणि त्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘पाटील’ नव्हे तर ‘पटेल’ हाच शब्द आहे. म्हणजे इंग्रजी कागदावर आपले पाटील ‘पटेल’ म्हणूनही लिहिले जात.

आता जातीकडे पाहू. कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, क्रांतिसिंह नाना पाटील मराठा होते, ठाणे-रायगडच्या आगरी आणि कोळी समाजांत पाटील घरोघरी आहेत, आणि कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील लिंगायत होते. जळगाव भागातल्या लेवा समाजात तर पाटील आणि पाटीदार ही दोन्ही नावे एकत्र नांदतात. गुजराती बाजूलाही हेच चित्र आहे. क्रिकेट पाहणाऱ्यांना भरूच जिल्ह्यातल्या इखर गावचा मुनाफ पटेल आठवत असेल. मुंबईत जन्मलेल्या आणि लहानपणीच न्यूझीलंडला गेलेल्या एजाज पटेलने डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर भारताचे एका डावातले दहाही बळी घेतले. हे दोघेही मुसलमान आहेत. पारशांतही पटेल आहेत. १६९२ च्या सुमारास मुंबईत साथीने इंग्रजांची शिबंदी खिळखिळी झाली असताना सिद्दीने हल्ला केला, तेव्हा रुस्तमजी दोराबजी यांनी कोळ्यांना गोळा करून तो परतवला आणि त्याबद्दल इंग्रजांनी त्यांना कोळ्यांची पटेलकी वंशपरंपरेने दिली. पारशी गृहस्थ कोळ्यांचा पटेल होऊ शकतो, यावरून हे पद जातीच्या चौकटीत बसणारे नव्हते हे उघड आहे.

मग परदेशात पटेल म्हटले की पाटीदारच का डोळ्यांसमोर येतात? याचे उत्तर मध्य गुजरातेतल्या चरोतर या सुपीक पट्ट्यात आहे. नडियाद, करमसद, धर्मज, सोजित्रा, भादरण, वसो ही तिथली नामांकित गावे. तिथल्या कणबी शेतकऱ्यांतील वजनदार घराण्यांकडे साऱ्याची जबाबदारी होती, त्यातून पाटीदार हे नाव पुढे आले आणि हळूहळू साऱ्या समाजाने ते स्वीकारले. शाळेच्या दाखल्यावर आणि पुढे पासपोर्टवर आडनाव विचारले जाऊ लागले तेव्हा पटेल हेच सर्वांना सोयीचे ठरले. त्याच समाजातल्या काही घराण्यांनी अमीन आणि देसाई ही आडनावे लावली, तीही महसुली पदांचीच. १८९९-१९०० चा ‘छप्पनियो’ दुष्काळ गुजरातेवर कोसळला तेव्हा नेमका पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग बांधून होत आला होता. हा मार्ग पटेलांनी बांधला अशी एक समजूत ऐकू येते, ती बरोबर नाही. १८९६ ते १९०१ या काळात त्या कामावर गेलेले सुमारे ३२ हजार मजूर बहुतांशी पंजाबचे होते आणि त्यांतले बरेचसे काम संपल्यावर परत आले. चरोतरची मुले गेली ती रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून, स्टेशनमास्तर म्हणून, आणि लोहमार्गाच्या कडेने दुकाने थाटण्यासाठी. एक भाऊ गेला की तो दुसऱ्याला आणि मेहुण्याला बोलावून घेई.

आडनावाच्या दृष्टीने इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. गिरमिटाच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर गेलेल्या माणसाचे नाव मजूर भरतीच्या डेपोतला कारकून लिहीत असे, आणि तो बहुधा मजुराचे व त्याच्या बापाचे नाव तेवढे टिपून घेई. मॉरिशसला १८३४ नंतर गेलेल्या साडेचार लाखांच्या आसपास भारतीयांत कोकणातून आणि देशावरून गेलेले हजारो मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही गणेशोत्सव थाटाने करतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या आडनावांवरून ते मराठी आहेत हे आपल्याला ओळखता येत नाही, कारण पणजोबाचे पाळण्यातले नावच फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगसह कुटुंबाचे आडनाव होऊन बसले आहे. पटेल मात्र पदरचे पैसे देऊन, स्वतःच्या तिकिटावर आगबोटीत बसले. दक्षिण आफ्रिकेत गेलेले सुरत-भरूचकडचे हिंदू आणि मुसलमान पटेलही असेच आपले भाडे भरून गेलेले उतारू होते. म्हणून त्यांचे आडनाव शाबूत राहिले, आणि मोजायला बसणाऱ्याच्या नजरेत ठळकपणे भरले. मॉरिशसच्या बंदरावर उतरलेल्यांत एखाद्या पाटलाचा धाकटा मुलगा असलाच, तर त्याची पाटीलकी त्या नोंदवहीतच संपली.

पुढचा इतिहास बराच परिचित आहे. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा लष्करशहा इदी अमीन याने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. त्यांपैकी ब्रिटिश पासपोर्ट असलेले सुमारे २७ ते २८ हजार लोक ब्रिटनला पोचले. ‘लेस्टरला येऊ नका’ अशी जाहिरात लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातल्या वृत्तपत्रात दिली होती, हे आज त्या शहरातली दिवाळी पाहून खरे वाटत नाही. नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या या कुटुंबांनी वर्तमानपत्रांची आणि किराणा मालाची कोपऱ्यावरची दुकाने घेतली आणि घरच्या सर्वांनी मिळून पहाटेपासून रात्रीपर्यंत ती चालवली, म्हणून ती टिकली. अमेरिकेची दारे १९६५ च्या कायद्याने भारतीयांना मोकळी झाली. तिथे १९७० च्या दशकात हमरस्त्यांवरची जुनी मोटेले (मोटारीने जाणाऱ्यांच्या मुक्कामाची हॉटेले) स्वस्तात विकली जात होती. नातेवाइकांनी शब्दावर दिलेले पैसे, काउंटरमागच्या खोलीतच संसार आणि घरातलीच माणसे कामाला, या बळावर ती पटेलांकडे आली. या व्यवसायाचा आरंभ ज्यांच्यापासून मानला जातो ते १९४० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेल चालवणारे कांजीभाई मात्र आडनावाने पटेल नव्हे, तर देसाई होते. २०१० च्या अमेरिकी जनगणनेत पटेल हे आडनाव सुमारे २ लाख ३० हजार लोकांचे होते आणि त्या देशातल्या पहिल्या शंभर आडनावांत त्याची गणना झाली. या साऱ्यात जातीपेक्षा नात्याचा आधार मोठा आहे, आणि ती रीत आपल्याकडेही दिसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावी लाकडाच्या वखारी आणि सॉ-मिल कच्छमधून आलेल्या पटेलांच्या आहेत. तिथेही आधी एक आला आणि त्याने दुसऱ्याला हाताशी घेतले.

आपले पाटील त्या काळात का गेले नाहीत? आमच्या भागात दुष्काळाने उठलेल्या माणसाला जवळच काम मिळत होते. सोलापुरातली जुनी मिल १८७० च्या दशकातच उभी राहिली होती, आणि मुंबईच्या गिरण्या रेल्वेच्या एका रात्रीवर होत्या. शिवाय पाटीलकी गावाच्या शिवाराला बांधलेली. वतनदाराने परमुलखी जाऊन दुकान मांडणे हे त्याच्या घरच्यांना आणि गावाला मानवणारे नव्हते, आणि चरोतरप्रमाणे समुद्रही जवळ नव्हता. पाटील परदेशी दिसू लागले ते स्वातंत्र्यानंतर, इंजिनिअर, डॉक्टर आणि संगणकतज्ज्ञ म्हणून. सिलिकॉन व्हॅलीत १९८० च्या दशकात चिपची कंपनी उभी करणारे सुहास पाटील आणि त्यांचेच पुत्र, २०१५ मध्ये अमेरिकी सरकारचे पहिले मुख्य डेटा शास्त्रज्ञ झालेले डी. जे. पाटील ही त्यातली ठळक नावे. असे पाटील एकेकटे गेले, शिक्षणाच्या जोरावर गेले, त्यामुळे त्यांची एका गल्लीत वस्ती झाली नाही आणि पटेलांसारखा त्यांचा गवगवाही झाला नाही.

हे सगळे लिहिण्यामागे माझी एक कळकळ आहे. आडनाव वाचून जात ठरवायची आणि जात ठरली की स्वभाव ठरवायचा, ही सवय आधीच आपल्यात खोल मुरलेली आहे. वृत्तपत्रातल्या एका ओळीने तिला आधार मिळतो आणि शाळकरी मुले ती ओळ कात्रण म्हणून वहीत चिकटवतात, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या पटेल आडनावाच्या मुसलमान मुलाला ‘तू गुजराती का?’ असे विचारले जाते, तेव्हा त्याच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या केलेल्या गावकीचा इतिहास पुसला जातो, याचे मला वाईट वाटते.

माझी आपणास विनंती आहे की, पुरवणीत पाटील, पटेल, देशमुख, कुलकर्णी, देसाई, चौगुले, गौडा या वतनी आडनावांवर जिल्ह्यातली उदाहरणे घेऊन स्वतंत्र लेख द्यावेत. बार्शी, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट इकडच्या वाड्यांत अजून मोडीतले वतनपत्र किंवा तक्षिमेचा कागद ट्रंकेत पडून आहे. त्याला कसर लागली आहे, आणि तो वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. इंग्रजांनी इनामांच्या तपासणीसाठी नेमलेल्या इनाम कमिशनच्या काळातली बरीच कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरासोबत जपलेली आहेत. घरचे कागद त्यांच्याशी ताडून पाहता येतात. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी त्यांची छायाचित्रे आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत, असे आवाहन आपण प्रसिद्ध केले तर मोडी वाचून त्यांचे देवनागरी लिप्यंतर करण्याचे काम मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला करू.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर