स्टेशनकडचे मागचे फाटक आणि पुनर्विकासाचा आराखडा

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण सोसायटी, मडगाव, गोवा

विषय: मागचे फाटक रहिवाशांसाठी त्वरित उघडणे आणि पुनर्विकासाच्या आराखड्यात स्टेशनची पायवाट कायम ठेवणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आमसभेत बिल्डरच्या माणसांनी पडद्यावर नव्या इमारतीचा आराखडा दाखवला. लिफ्ट, लॉबी, गच्चीवरची बाग असे सगळे पाहून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला, की मागच्या कुंपणातले फाटक यात कुठे आहे? नकाशात तिथे सलग भिंत आहे आणि भिंतीला लागून दोन मजली पार्किंग. आपण म्हणालात, "ते किरकोळ आहे, मागाहून बघू." इतिवृत्त हातात आले तेव्हा त्यात माझ्या प्रश्नाची नोंदही नव्हती. म्हणून लेखी देत आहे आणि सविस्तर देत आहे. याआधीच्या पत्रांवर कार्यालयाचा शिक्का तेवढा मिळाला, उत्तर मिळाले नाही.

हा विषय किरकोळ नाही. आपण नवीन आहात असे नव्हे, पण समितीतले काही सदस्य अलीकडे राहायला आले आहेत, म्हणून आधीपासून सांगतो.

इथे इमारत होण्याआधी माडांचे भाट होते आणि त्या भाटातून रुळांच्या बाजूला जाणारी वाट होती. मूळ बांधकाम झाले तेव्हा त्या बिल्डरने ही वाट ओळखून चिऱ्याच्या भिंतीत लहानसे लोखंडी फाटक ठेवले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी इथे घर घेण्याचे कारणच ते फाटक होते. फाटकातून निघाले की पाच-सहा मिनिटांत स्टेशन. पावसात चिखल व्हायचा, तेव्हा आम्हीच वर्गणी काढून लाद्या टाकल्या. त्यातल्या काही अजून गवताखाली आहेत, आपण येऊन पाहू शकता.

मग एका रात्री कुणाची तरी सायकल गेली आणि समितीने "सुरक्षेसाठी" फाटकाला कुलूप घातले. तात्पुरते, असे त्या वेळी सूचना फलकावर लिहिले होते. किल्ली तळमजल्यावरच्या ज्या शेजाऱ्यांकडे दिली त्यांचा भाड्याने दुचाकी देण्याचा धंदा आहे, हे समितीला तेव्हाही ठाऊक होते. पुढे काय झाले ते रोज सकाळी कुणालाही दिसते. फाटकाच्या आतल्या बाजूला, जिथे मुले क्रिकेट खेळायची, तिथे काळ्या पाट्यांवर पिवळे आकडे असलेल्या स्कूटर ओळीने उभ्या असतात. हँडलला हेल्मेटे लोंबकळत असतात, फरशीवर तेलाचे डाग पडलेले असतात आणि बी विंगच्या खालच्या स्वयंपाकघरांत पेट्रोलचा वास येतो. गाडी यायची वेळ झाली की फाटक उघडते, स्कूटर बाहेर जाते आणि कुलूप पुन्हा लागते. म्हणजे पर्यटकाला द्यायची स्कूटर त्या फाटकातून जाऊ शकते, पण वर्गणी भरणाऱ्या सभासदाने जायचे म्हटले तर सुरक्षा आडवी येते.

या शेजाऱ्यांशी माझे वैयक्तिक काही वाकडे नाही. चवथीला आमच्या घरची नेवरी त्यांच्याकडे जाते. पण मी समजुतीने बोलायला गेलो तेव्हा "समितीने दिलेली किल्ली आहे, समितीला विचारा" असे उत्तर आले. समितीला विचारले तर "त्यांच्याशी आपसात मिटवा." असे किती दिवस चालायचे?

तोपर्यंत बाकीच्यांनी काय करायचे? पुढच्या गेटमधून निघून मुख्य रस्त्याला लागायचे. तिथे पादपथ नाही, गटारावरच्या लाद्या दोन ठिकाणी खचल्या आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा, आणि खाजगी बस अंगावर पाणी उडवत जाते. हा वळसा पंधरा-वीस मिनिटांचा होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शिकवायला वास्कोला जातात. त्यांनी रेल्वेचा पास सोडून स्कूटर घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी नातवाला आणायला स्टेशनवर जायच्या, त्या आता जात नाहीत. पाव विकणारा पदेरसुद्धा मागून यायचा, त्याचा भोंगा ऐकून बी विंग खाली उतरायची. आता तो आपल्याकडे येतच नाही, बी विंगचे लोक चौकातून पाव आणतात. ए विंगमधल्या बहुतेकांचे मत हेच आहे. त्यांतल्या काहींनी "आमचे नाव पत्रात नको" असे सांगितले म्हणून नावे देत नाही, पण आपण दारोदार विचारावे, खात्री पटेल.

आता पुनर्विकासाकडे येतो, कारण खरी काळजी तिथे आहे. आजचे कुलूप किल्लीने उघडेल. नव्या आराखड्यातली भिंत एकदा उभी राहिली की आपल्या हयातीत पडणार नाही.

बिल्डरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर "स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर" असे छापले आहे. ते अंतर त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून मोजले आहे. माणूस भिंतीतून चालत नाही. मागची वाट बंद ठेवून सदनिका वाढवायच्या, तर आपण स्टेशनजवळच्या जागेचा भाव घेऊन स्टेशनपासून दूर असलेली इमारत बांधत आहोत.

मी नोकरीची बरीच वर्षे नवी मुंबईत काढली. स्टेशनभोवतीची जमीन कशी वापरावी हे मी तिथे पायांनी शिकलो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने तिथे रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, उरलेला ३३ टक्के रेल्वेने. सिडकोने एवढा पैसा घातला तो स्टेशनवर आणि आजूबाजूला कार्यालये, दुकाने उभी करून जमिनीतून वसूल करण्यासाठी. १९९२ साली मानखुर्दहून गाडी वाशीला आली, तिथले स्टेशन पाहा, बेलापूरचे पाहा, गाडीतून उतरलेला माणूस छपराखालून दुकानांत आणि कचेऱ्यांत पोहोचतो. आपल्या कोकण रेल्वेचे मुख्यालयही त्याच बेलापूरला आहे. तिथेही चुका झाल्या, रुंद रस्ते ओलांडताना माणसाची दमछाक होते. पण स्टेशनकडे जाणारी पायवाट अडवून तिथे वाहने लावावीत, असे तिथल्या कुठल्या सोसायटीत मी पाहिले नाही.

उलट उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानंतर कचेऱ्या आणि टॉवरांना मोकळ्या होत गेल्या. जिथे भोंग्यावर कामगार यायचे तिथे हजारो नोकरदार रेल्वेने येऊ लागले. जमिनीचा वापर बदलला, चटईक्षेत्र वाढले, पण चालणाऱ्याच्या वाटेकडे कोणी पाहिले नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. आपल्या सोसायटीत असे काही होईल असे मी म्हणत नाही. पण आधी इमारती आणि "वाट मागाहून बघू" हा क्रम कुठे नेतो ते सांगायला याहून स्पष्ट उदाहरण नाही, आणि आमसभेतले आपले शब्द नेमके हेच होते.

त्याच वर्षी केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने स्थानककेंद्रित विकासाचे राष्ट्रीय धोरण काढले. स्थानकापासून साधारण ५०० ते ८०० मीटरच्या टापूत, म्हणजे माणूस सहज चालेल एवढ्या अंतरात, दाट वस्ती असावी, घरे आणि दुकाने एकत्र असावीत, चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला आधी जागा मिळावी, पार्किंग आटोक्यात ठेवावे, असे त्यात आहे. बिल्डरने यातले पहिले कलम तेवढे उचलले आहे.

मडगावात हे अधिकच लागू पडते. कदंब बसस्थानक शहराच्या एका टोकाला, रेल्वे स्टेशन दुसऱ्या टोकाला, मधे अख्खा बाजार. कारवारहून गाडीने आलेल्या माणसाला पणजीची बस पकडायची तर पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसावे लागते. शहराची ती घडी आपल्या हातात नाही. आपल्या हातात एक फाटक आहे.

आता नियमांबद्दल, कारण सचिवांनी मला "नियमात बसत नाही" असे सांगितले. कुठल्या नियमात, ते सांगितले नाही. पुनर्विकासाच्या संमतीसाठी बिल्डरच्या वकिलांनी ७९अ कलम आणि ४ जुलै २०१९ चा आदेश वाचून दाखवला. दोन्ही महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांसाठी आहेत. आपली सोसायटी गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली येते, याची आठवण सभेत कुणालाही झाली नाही. वाढीव पार्किंग "नियमाने द्यावेच लागते" असेही सांगण्यात आले. गोव्याच्या २०१० च्या बांधकाम नियमावलीत पार्किंगची अट आहे, हे मान्य. मागचे फाटक बंद करा अशी अट त्यात मला सापडली नाही. उलट वहिवाटीची वाट अडवली तर १९६६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. गोव्यातल्या गावागावांत लोक त्याच्या आधारे आपल्या वाटा सोडवून घेतात, मग मडगावच्या सोसायटीने का घेऊ नये?

आणखी एक. वाढीव क्षेत्राबद्दल "टीसीपीतून", म्हणजे नगरनियोजन खात्यातून, "करून घेऊ" असे बिल्डरचा प्रतिनिधी सहज म्हणून गेला. गोव्यात हे वाक्य आता सहज घेता येत नाही. लोकांनी नकाशे उघडून पाहिले आणि रस्त्यावर आले म्हणून जमिनीचा वापर ठरवणारा, २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला २००७ साली मागे घ्यावा लागला. २०२४ साली नगरनियोजन कायद्यात आलेल्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या ३९अ कलमावरूनही राज्यभर वाद झाले आहेत. अशा वाटेने आपल्या घरांची परवानगी अडकली तर भाड्याच्या घरात राहायची वेळ सभासदांवर येईल, प्रतिनिधीवर नव्हे. त्यांनी काय आणि कोणत्या कलमाखाली करून घेणार ते लेखी द्यावे.

स्टेशनशेजारी दोन मजले पार्किंग बांधले तर त्यात कोणाच्या गाड्या उभ्या राहतील याचा समितीने शांतपणे विचार करावा. आज मोकळ्या अंगणाचे जे झाले तेच उद्या छपराखाली होईल. त्याऐवजी मागच्या बाजूला दहा फुटांची, दिवे असलेली, पाणी न साचणारी पायवाट ठेवावी आणि तिच्याकडे तोंड करून दोन-तीन छोटे गाळे काढावेत, एक औषधांचे दुकान, एक पावाचे आणि भुसाराचे. दुकान उघडे असले की वाटेवर नजर राहते. सायकल चोरीची भीती असेल तर कुलपापेक्षा ही राखण चांगली. गाळ्यांच्या भाड्याने देखभालीची वर्गणीही थोडी उतरेल. याचा कच्चा नकाशा मी स्वतः काढून सोबत जोडला आहे. तो बिल्डरच्या वास्तुविशारदाला दाखवावा, माझ्याशी बोलायला सांगावे, मी कधीही येईन.

आपल्या वयाचा आणि पदाचा मान ठेवून मी आजवर सबुरीने घेतले. यापुढे मला खालील गोष्टी लेखी हव्या आहेत.

फाटकाची किल्ली त्या शेजाऱ्यांकडून काढून घेऊन सोसायटीच्या कार्यालयात ठेवावी आणि पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्री दहापर्यंत फाटक उघडे राहावे. मागच्या अंगणातल्या भाड्याच्या स्कूटर आठवडाभरात हलवाव्यात. त्या तिथे कोणत्या ठरावाने उभ्या आहेत आणि सोसायटीला त्याचे किती भाडे मिळाले, हे हिशेबासह सांगावे. पायवाटेचा विषय घेऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी आणि तोपर्यंत बिल्डरशी कोणत्याही कागदावर सही करू नये. सभा बोलवण्याची मागणी सह्यांनिशी करावी लागत असेल तर सह्या गोळा करण्याचे काम सुरू आहे, आणि ज्यांना या पत्रात नाव नको होते त्यांनीही त्या कागदावर सही केली आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर हेच पत्र सहकार निबंधकांकडे आणि वाटेपुरता अर्ज मामलेदारांकडे देईन. तसे करण्याची वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. ही प्रत घेतल्याची पोच, या वेळी तारखेसह, द्यावी.

आपला,
बी विंग, दुसरा मजला
(सोबत: पायवाटेचा कच्चा नकाशा)

प्रत: सचिव, खजिनदार आणि दोन्ही विंगचे सूचना फलक