कांद्याला काय असतं, कांद्यात काय असतं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'कांद्याच्या भागांना काय काय म्हणतात, तेवढं कळव' असं तू सहज लिहिलंस, म्हणून मीही सहज यादी करायला बसलो. पात, मान, पापुद्रा, टरफल, बूड, मुळं, कोंब, डेंगळा. पुढे 'चकती' लिहिली आणि पेन अडलं.

पापुद्रा कांद्याला मुळातच असतो. चकती मात्र सुरी लागल्याशिवाय नसते. 'कांद्याला मुळं असतात' म्हण, आणि मग 'कांद्याला चकत्या असतात' म्हणून बघ! चकत्या आपण करतो. पाणी कांद्याला नसतं, कांद्यात असतं. 'कांद्याची' म्हणताना लागते ती 'ची' मात्र लबाड. ती पातीलाही चालते आणि चकतीलाही, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नकोस.

विन्स्टन, चॅफिन आणि हर्मन या तिघा संशोधकांनी 1987 साली अंश आणि पूर्ण यांच्या नात्याचे सहा प्रकार मांडले. घटक वेगळा, तुकडा वेगळा, ज्याचं बनलंय ते द्रव्य वेगळं. आपल्या जुन्या दर्शनांतल्या न्याय-वैशेषिकांनी तर अवयव (अंश) आणि अवयवी (पूर्ण) यांच्या नात्याला 'समवाय' असं नावच देऊन ठेवलंय. माझं त्यांच्याशी भांडण नाही, पण कांदा चिरताना मला आपलं 'ला' आणि 'त' जास्त कामाला येतं.

खरी गंमत पुढे आहे. एक कांदा उभा चिर. मुळांकडचं ते चपटं, कठीण बूड म्हणजे कांद्याचं खोड. पापुद्रे म्हणजे पानांचीच फुगलेली बुडं. म्हणजे वरची पात आणि खालचा पापुद्रा ही एकाच पानाची दोन टोकं, आणि आपण त्यांना दोन वेगळे भाग म्हणून मोजतो! शिवाय 'कांदा' म्हणजे नुसता गड्डा की अख्खं रोप? आपण दोन्ही म्हणतो. म्हणून तर 'कांद्याची पात' खपून जाते.

लसणात आणखी घोळ. पाकळी गड्ड्याची, टरफल पाकळीचं. पण पाकळीचं टरफल हे गड्ड्याचं टरफल नव्हे, त्याला त्याचं वेगळं असतं. मेथीच्या जुडीचं सोपं आहे, चार काड्या गेल्या तरी जुडी ती जुडीच.

तुझी यादी खाली जोडतोय, चकती खोडून. आता तू एवढं कळव: जोडकांदा एक मोजायचा की दोन?

तुझा,
मी