विषय: लेहला 'डिलिव्हर्ड' झालेली माझी सायकल मुंबईत काय करत होती?

प्रति,
कस्टमर रिलेशन्स मॅनेजर

पीएनआर, बॅग टॅगचा दहा आकडी नंबर आणि आयएक्सएल या लेहच्या कोडने सुरू होणारा पीआयआर (सामान न मिळाल्याच्या रिपोर्टचा) नंबर, तिन्ही या मेलसोबत दिलेत. त्यामुळे 'मॅम, मे आय हॅव युअर पीएनआर' पासून परत सुरू करू नका. आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवलाय, डोकं तापलेलं आहे, भाषा इकडेतिकडे झाली तर चालवून घ्या. मी तुमचं बरंच चालवून घेतलंय.

पुणे-दिल्ली-लेह असं एकाच तिकिटावर बुकिंग होतं. सायकलचे स्पोर्ट्स इक्विपमेंट चार्जेस आधीच ऑनलाइन भरले होते. पुण्याला काउंटरवर टायरची हवा काढायला लावली, काढली (विमानाच्या पोटात सामान ठेवतात तिथेही प्रेशर मेन्टेन केलेलं असतं, टायर फुटत नाहीत, हे तुमच्या लोकांना कोणीतरी सांगा). पेडल काढलेली, हँडल वळवलेलं, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळलेला, सगळं बॉक्समध्ये नीट बांधलेलं. लिमिटेड रिलीज टॅगवर सही मागितली, तीही दिली. ती सही नाजूक सामानाला काही झालं तर, यासाठी होती. सामान देशभर फिरवून आणा, यासाठी नव्हती.

लेहला उतरले, बॉक्स नाही. तुमच्या ॲपवर मात्र 'बॅग डिलिव्हर्ड' असा हिरवा टिक. मी बॉक्समध्ये सीटखालच्या पिशवीत एअरटॅग (ॲपलचा सामान शोधायचा छोटा ट्रॅकर) ठेवला होता, तो दाखवत होता दिल्ली, टर्मिनल थ्री, काही मिनिटांपूर्वी. एअरटॅगमध्ये जीपीएस नसतं, तो ब्लूटूथवर आजूबाजूच्या आयफोनला हाक मारतो आणि ते फोन परस्पर जागा कळवतात, आणि दिल्लीच्या एअरपोर्टवर आयफोनवाल्यांची काय कमी, दर थोड्या वेळाने लोकेशन ताजं होत होतं. लेहचा तुमचा ग्राउंड स्टाफचा मुलगा खरंच चांगला होता. त्याने माझ्या स्क्रीनचा फोटो काढला, पीआयआर बनवून दिला, दिल्लीला फोन पण लावला. तिकडे कोणी उचलला नाही. या सगळ्या प्रकरणात तुमच्या कंपनीतला एवढा एकच माणूस मला माणूस वाटला, त्याला ओरडू नका.

पीआयआरवर मी मैत्रिणीचा पोस्टपेड नंबर दिला होता, कारण बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. लेहला रोज विमानं उतरवणाऱ्या कंपनीला हे मी समजावून सांगावं का? पण तुमचे सगळे फोन माझ्या बंद पडलेल्या प्रीपेडवर, आणि मग मेल येतो 'वुई ट्राइड टू रीच यू'. पुढे पण तेच. पोस्टपेड नंबर पुन्हा मेल केला, पुन्हा फोन प्रीपेडवरच.

आता एअरटॅगची कथा ऐका. बॉक्स दिल्लीतच बसून. लेहला विमानं सकाळीच येतात, दुपारनंतर वारा वाढतो, म्हणजे एक सकाळ चुकली की गेला दिवस. अशा सकाळी चुकत गेल्या आणि एके दिवशी उठून बघते तर टॅग मुंबईत! माझी सायकल, मला सोडून, मुंबईला जाऊन आली. मी स्क्रीनशॉट काढून तुम्हाला मेल केला, उत्तर आलं, 'ॲज पर अवर सिस्टिम युअर बॅगेज हॅज बीन डिलिव्हर्ड'. तोपर्यंत आमचा सायकल ग्रुप खारदुंग ला या उंच खिंडीकडे निघालेला. मी लेहच्या बाजारातून भाड्याची एमटीबी (माउंटन बाइक सायकल) घेतली, फ्रेम माझ्या मापाची नाही, गिअर मध्येच उडणारे, आणि त्या चढावर ती रेटत अर्ध्यातून परत आले. वर्षभर सिंहगडाचे चढ कशासाठी मारले होते मी? शेवटी सायकल लेहला आली तेव्हा ग्रुप परत येऊन पॅकिंग करत होता. बॉक्स एका बाजूने फाटलेला, त्याच्यावर तुमच्या नावाची टेप, आत हँगर (डिरेलर अडकवायची पट्टी) वाकडा आणि पुढच्या चाकाचा रोटर (ब्रेकची चकती) पण. त्याची लेखी तक्रार 7 दिवसांच्या आत केलीय, तारीख बघा.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहितेय कारण तुम्ही म्हणता कॉल्स रेकॉर्ड होतात, तर काढा आणि ऐका.

मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, दाबला, माणूस हिंदीत. ते सोडा. म्हणाला, मॅडम, तुमचा क्लेम रिजेक्ट झालाय कारण बॅग वेळेत डिलिव्हर झालीय. मी म्हटलं कशावरून? म्हणे व्हेरिफाय करतो, बॅगचा कलर सांगा. मी म्हटलं पुठ्ठ्याचा बॉक्स आहे. 'कलर, मॅडम?' पुठ्ठ्याचा जो असतो तो. 'ब्राउन लिखता हूँ. बैग में व्हील्स हैं?'

आहेत, दोन. आत आहेत.

'अंदर मतलब? ट्रॉली है?'

सायकल आहे हो.

'तो व्हील्स नहीं हैं.'

मग होल्ड. तुमची ती होल्डची धून मला आता झोपेत ऐकू येते. परत आला, 'मॅडम, हँडल है? पुल-अप हँडल?' मी म्हटलं हँडल पण आहे, ते पण आतच आहे, ब्रेकसकट. तो गप्प. मग काय विचारावं त्याने? 'मॅडम, साइकिल बच्चे की है?' मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे आणि सायकल माझी आहे. बाईच्या नावावर सायकल दिसली की ती मुलांचीच असणार, हा कॉलम पण तुमच्या सिस्टिममध्ये आहे का? मग निकाल: त्या दिवशी एक ब्राउन, विदाउट व्हील्स बॅग लेहला डिलिव्हर झालेली रेकॉर्डला आहे, म्हणजे तीच माझी. कोणाची होती ती, त्या बिचाऱ्याला तरी मिळाली का?

मी एअरटॅगचं सांगितलं तर म्हणे थर्ड पार्टी डिव्हाइस आम्ही मानत नाही, चुकू शकतो. चुकतो ना. शंभर मीटर इकडेतिकडे चुकेल. लेह आणि मुंबईत चुकणार नाही. आणि शेवटी, अगदी समजूत काढल्याच्या सुरात, 'वैसे भी मॅडम, लेह में पहले दो दिन तो रेस्ट ही करना होता है.' म्हणजे उंचीवर शरीराला सवय व्हावी म्हणून मी जे दिवस राखून ठेवले होते, ते तुमच्या बॅगेज डिपार्टमेंटच्या आरामासाठी होते तर. मी फोन ठेवला. शिवी दिली नाही, हे पण रेकॉर्डिंगमध्ये ऐका.

तुम्हाला तुमचा धंदा मी शिकवायची गरज नाही, पण तुम्ही आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, मेंबर आहात आणि आयाटाचा ठराव 753 जून 2018 पासून लागू आहे. सामान प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, ट्रान्सफरला देताना आणि प्रवाशाला परत करताना, अशा चार ठिकाणी त्याची नोंद ठेवायची असते. मग माझ्या बॉक्सची चौथी नोंद कोणी केली? कोणत्या स्कॅनरवर, किती वाजता? बॉक्स ऑड-साइजचा, बेल्टवर मावत नाही, लोडरने हाताने नेलेला. मला दाट शंका आहे की हा बॉक्स कोणी स्कॅनच केला नाही, फ्लाइट उतरली की सगळ्या बॅगांना सरसकट हिरवा टिक मारून मोकळे होता. तसं नसेल तर स्कॅन हिस्टरी पाठवा, मी शब्द मागे घेईन.

आणि थर्ड पार्टीचं कौतुक सांगू नका. 2024 च्या शेवटी आयफोनमध्ये सोय आली, टॅगच्या लोकेशनची लिंक एअरलाइनला पाठवता येते, ती 7 दिवसांनी आपोआप बंद होते. ब्रिटिश एअरवेज घेते, युनायटेड घेते, सिंगापूर एअरलाइन्स घेते. लुफ्तान्साने तर 2022 मध्ये हे टॅग सामानात चालणारच नाहीत असं सांगितलं होतं, मग शब्द फिरवला, आज तीच लिंक घेते. तुम्हाला मी लिंक पाठवली तर उत्तर काय, 'प्लीज डू नॉट क्लिक ऑन अननोन लिंक्स'. ऑटो रिप्लाय आहे माहितीये, तरी.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. बॉक्सची पूर्ण स्कॅन हिस्टरी, पुणे ते लेह व्हाया मुंबई. रेकॉर्डमधली 'वेळेत डिलिव्हर्ड' ही खोटी नोंद दुरुस्त झालेली. हँगर, रोटर आणि लेबरचं बिल, भाड्याच्या सायकलची पावती, आणि स्पोर्ट्स इक्विपमेंट चार्जेस परत, कारण त्या पैशात तुम्ही काय सेवा दिलीत ते मला अजून कळलेलं नाही. डोमेस्टिकला सामानासाठी प्रवाशामागे 20,000 रुपयांची मर्यादा आहे हे मला माहितीये, माझा आकडा त्याच्या आत आहे, त्यामुळे नियम दाखवायला येऊ नका. ट्रॅव्हल व्हाउचर तर अजिबात नको. मी तुमच्या विमानात परत बसावं ही नुकसानभरपाई नाही, शिक्षा आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार आणि पाठोपाठ पुण्याच्या ग्राहक आयोगात. वकील लागत नाही तिथे, स्वतः उभं राहता येतं, आणि मी रिटायर होत आलेय, वेळ भरपूर आहे. खरं सांगू, वाईट याचं वाटतं की इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांची तिकिटं मीच काढायचे आणि दोन पैसे जास्त देऊन तुमचीच काढायचे, 'यांचं सामान तरी वेळेवर येतं' म्हणून. आमच्या सायकल ग्रुपमधले बरेच जण पुढच्या सीझनला लडाखला निघालेत. मला विचारतात कोणाचं बुक करू. मी सांगते, कोणाचंही करा.

सोबत टॅगचे स्क्रीनशॉट (दिल्ली, मुंबई, परत दिल्ली), फाटलेल्या बॉक्सचे आणि वाकड्या हँगरचे फोटो, पीआयआर, दोन्ही बिलं. फोन करायचा असेल तर आता पुण्यात आहे, प्रीपेड चालू आहे. म्हणजे आता तुम्ही नक्की मैत्रिणीच्या पोस्टपेडवर कराल.

आपली,
ब्राउन, विदाउट व्हील्स बॅगेची मालकीण